गेटमधून जाणारी बाई

माझं लग्न माझ्या वेणीनं जमवलं. पोह्यांच्या बशा ठेवून मी आत जायला वळले, तेव्हा सासूबाईंनी शेजारी बसलेल्या आपल्या मुलाला हळूच सांगितलं, "हीच." हे मला त्यांनीच लग्नानंतर सांगितलं आणि पुढची सव्वीस वर्षं घरी येईल त्याला सांगितलं. "वेणी कंबरेच्या खाली, मनगटाएवढी जाड. तोंड मी नंतर पाहिलं," असं त्या वर म्हणायच्या. त्यात टोमणा नव्हता, कौतुकच होतं.

पण वेणीलाही वय असतं. पन्नाशीला आले तोवर मनगटाची करंगळी झाली होती. लांबी तेवढी शिल्लक होती. धुतली की वाळायला अर्धा दिवस लागायचा, मान दुखायची, आणि मेंदी लावायची म्हणजे रविवार गेलाच. तरी कापायचा विचार मनात आला नव्हता. तो आणला ऑफिसच्या एका व्हिडिओनं. माझं ऑफिस ठाण्याला, माजिवड्याजवळ. एका साहेबांचा निरोप समारंभ झाला आणि कुणीतरी त्याचा व्हिडिओ ग्रुपवर टाकला. त्यात कॅमेऱ्याकडे पाठ करून एक बाई समोशांच्या प्लेट लावत होती. खांदे पडलेले, मान पुढे, पाठीवर उंदराच्या शेपटीसारखी लालसर वेणी. मी शेजारच्या टेबलावरच्या मुलीला विचारलं, "या कोण गं? कॅन्टीनवाल्यांकडच्या का?" ती माझ्याकडे बघतच राहिली.

त्याच शनिवारी मी डोंबिवली पूर्वेला, स्टेशनजवळच्या गल्लीतल्या एका पार्लरमध्ये शिरले. पार्लरवाली विठ्ठलवाडीहून येणारी, तिशीतली, बोलण्यात एकदम फास्ट.

"किती कापायचेत ताई? ट्रिम?"

"मानेपर्यंत."

तिनं कात्री खाली ठेवली. "शुअर ना? नंतर रडायचं नाही हां. मागच्या महिन्यात एक मॅडम एवढ्या रडलेल्या की मलाच पाणी प्यायला लागलेलं."

"नाही रडणार," मी म्हटलं. तिनं वेणीला वर आणि खाली रबर लावलं आणि चार कचाक्यांत ती कापून माझ्या मांडीवर ठेवली. मला रडू आलं नाही. माझी मान आपोआप वर गेली. इतकी वर्षं कुणीतरी मागून धरून ठेवलं होतं आणि आता सोडलं, असं काहीतरी झालं. पुढचा अर्धा तास ती कापत, पुसत, फिरवत राहिली आणि आरशात हळूहळू माझे कान उगवले. मला कान आहेत, आणि ते बरे आहेत, हे मला पन्नासाव्या वर्षी कळलं. बाहेर पडल्यावर मी पहिली खरेदी कानातल्यांची केली. लोंबणारी, मोठी, माझ्या वयाला शोभणार नाहीत अशी.

घरी चालत निघाले ते प्रत्येक दुकानाच्या काचेत बघत. एका मेडिकलच्या काचेत इतका वेळ बघितलं की आतल्या माणसानं विचारलं, "काय देऊ मॅडम?" मी उगीचच आल्याच्या गोळ्या घेतल्या. रोज मॅडम म्हणणारा माणूस मला आज नव्यानं मॅडम म्हणतोय असं वाटत होतं.

आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात मात्र माझं सगळं अवसान गळालं. वर सासूबाई होत्या. त्या काही खाष्ट नव्हत्या. सव्वीस वर्षांत त्यांनी माझ्या नोकरीबद्दल, स्वयंपाकाबद्दल, माहेरच्या फेऱ्यांबद्दल कधी शब्द काढला नव्हता. अभिमान मात्र एकाच गोष्टीचा बाळगला होता आणि ती आता माझ्या पर्समध्ये, प्लॅस्टिकच्या पिशवीत होती.

मी नवऱ्याला फोन केला. "अहो, खाली या. येताना माझ्या पिना आणि काळं रबर आणा."

तो खाली आला आणि जिन्याच्या वळणावर थांबून माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला. मग अदबीनं म्हणाला, "कोण हवंय आपल्याला?"

मला इतकं हसू आलं की मी पायरीवरच बसले. तोही बसला. "छान दिसतेस," तो म्हणाला. "आईला काय सांगायचं?"

"तुम्ही सांगा."

"मी? मला टक्कल आहे. केसांच्या बाबतीत घरात माझं मत कोण विचारतं."

शेवटी ठरलं की रविवारी दोघांनी मिळून सांगायचं. तोवर वेणी परत लावायची. मागचे केस कसेबसे गोळा होऊन चिमणीच्या शेपटीएवढा झुपका झाला. त्याला त्यानं वेणी रबरानं बांधली, पाच पिना खोचल्या आणि वर मी माझी मोठी क्लिप लावली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नवऱ्यानं माझी वेणी घातली ती त्या दिवशी पहिल्यांदा. ती जराशी डावीकडे झुकली होती. सासूबाईंना दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि ऑपरेशनचं नाव काढलं की त्या देवघरात जाऊन बसत. त्यामुळे त्यांना काही दिसलं नाही.

रविवारी त्यांची चुलत नणंद आली. चहा झाला आणि सासूबाईंनी वेणीची गोष्ट सुरू केली. "तोंड मी नंतर पाहिलं" इथे आल्यावर नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं आणि मी त्याच्याकडे. मग तो कपबशा उचलून आत गेला आणि मी त्याच्या मागोमाग.

त्यानंतर तीन महिने मी दोन बायका होऊन राहिले. सकाळी वेणी लावून, डोक्यावरून ओढणी घेऊन घराबाहेर पडायचे. पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधे जिन्याला वळण आहे, तिथे थांबून ओढणीची घडी करायची, पिना काढायच्या, वेणी डब्याच्या पिशवीत टाकायची, कानातली घालायची, केसांतून कंगवा फिरवायचा आणि खाली उतरायचं. संध्याकाळी हेच सगळं उलट. दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर एकदा दूध घेऊन वर येत असताना मी हातात स्वतःची वेणी धरून उभी होते. त्यांनी वेणीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, "गुड मॉर्निंग" म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून वर गेले. पुढे त्या वळणावर यायच्या आधी ते खालूनच खोकायला लागले.

खालच्या पायरीवर उतरलेली बाई मात्र वेगळीच होती. ती ऑफिसच्या बसमध्ये खिडकीची जागा मागून घ्यायची. मीटिंगला मी अकरा वर्षं दाराजवळच्या खुर्चीवर बसत आले होते, म्हणजे चहाचं सांगायला उठणं सोपं. ही टेबलाशी जाऊन बसली. साहेबांनी सवयीनं दाराकडे बघून म्हटलं, "चहाचं बघता का जरा?" दाराशी कुणीच नव्हतं. साहेब दोन मिनिटं थांबले आणि स्वतः उठून सांगून आले. मी काही मोठं बोलले वगैरे नाही. कान मोकळे असले की माणूस जरा ताठ बसतं, एवढंच. महिन्याभरानं मी पुन्हा पार्लरमध्ये गेले आणि केसांना गडद तपकिरी रंगही लावून आले.

याच सुमारास घरी एक भलतंच सुरू झालं.

सासूबाई सकाळी गॅलरीत चहा घेऊन बसत. आधी मी गेटपाशी जाऊन त्यांना हात करायचे. आता ते बंद झालं होतं. त्यांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं की बस हल्ली मागच्या गेटला थांबते. त्यांना ते पटलं. पण एका संध्याकाळी भाजी निवडता निवडता त्या म्हणाल्या, "आपल्याकडे कुणी नवीन राहायला आलंय का गो?"

"का हो आई?"

"एक बाई जाते सकाळी गेटमधनं. तोंड नाही दिसत मला, सगळं धुकटच. पण केस आखूड आहेत. आणि काय चालते. असं वाटतं, तिला कुणी थांबवूच शकणार नाही."

माझ्या हातातली गवार तशीच राहिली. आत नवरा टीव्हीचा आवाज उगीच वाढवायला लागला.

"भाडेकरू असेल कुणीतरी," मी म्हटलं.

त्या दिवसापासून त्या बाईचा विषय रोज निघू लागला. आज ती जरा उशिरा निघाली. आज तिनं वॉचमनला काहीतरी सांगितलं आणि तो चक्क उठून उभा राहिला. ती बँकेत मोठ्या हुद्द्यावर असणार. नाही तर डॉक्टर. मी आधी घाबरून गप्प बसायचे. मग मला त्याची चटक लागली. दारात चपला काढता काढता मीच विचारायचे, "आज दिसली का हो ती?" आणि माझंच कौतुक पाटावर बसून ऐकायचे. सव्वीस वर्षांत मला इतकं कधी कुणी वाखाणलं नव्हतं. मला मनातल्या मनात गुदगुल्या व्हायच्या आणि पोळी करपायची.

फक्त एकदा त्या म्हणाल्या, "रागावू नकोस, पण तूही जरा तशी चालत जा. घरात येतेस ती पाय ओढत. वेणीचं ओझं असल्यासारखी." नवऱ्याला ठसका लागला. मी त्याच्या पाठीवर जरा जोरातच थापटलं.

आणि मग एका सकाळी चहाचा कप ठेवून त्यांनी जाहीर केलं, "मोतीबिंदू काढून घेते."

आम्ही दोघांनी दोन वर्षं त्यांची मनधरणी केली होती. "आई, अचानक कसं काय?" नवऱ्यानं विचारलं.

"त्या बाईचं तोंड एकदा नीट बघायचंय मला."

नवरा माझ्याकडे बघायला लागला. मला काय वाटलं ते सांगता येणार नाही. त्यांचे डोळे बरे व्हावेत असं मनापासून वाटत होतं, आणि डोळे बरे झाले की माझं काही खरं नव्हतं. "आधी सांगून टाकूया," मी नवऱ्याला स्वयंपाकघरात म्हटलं. तो म्हणाला, "सांगितलंस तर ती ऑपरेशन करणार नाही. आधी डोळा, मग आपण." हे बरोबरच होतं.

कल्याणच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात आधी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढायला आम्ही तिघं गेलो. मी वेणी लावून. डॉक्टरांनी पट्टी काढली, सासूबाईंनी दोन-तीनदा डोळा मिचकावला, भिंतीकडे पाहिलं, म्हणाल्या, "एवढं पांढरं असतं?" मग मुलाकडे वळल्या. "तू किती म्हातारा झालास रे." मग माझ्याकडे. "आणि तुलाही सुरकुत्या आल्या की." आम्ही सगळे हसलो, डॉक्टरसुद्धा. वेणी मी भिंतीला चिकटून उभी राहून लपवली होती.

बाहेर आल्यावर त्या बाकावर बसल्या, काळा चष्मा लावून. डॉक्टरांनी लिहून दिलेले थेंब आणायला मी कॉरिडॉरच्या टोकाला असलेल्या औषधाच्या खिडकीकडे गेले. गर्दी व्हायच्या आत पोचायचं म्हणून घाईत गेले, आणि तिथेच घात झाला. घरात चालायची चाल विसरून मी खालच्या पायरीवरची चाल चालले.

थेंब घेऊन परत आले तर सासूबाईंनी काळा चष्मा कपाळावर सरकवला होता.

"परत जाऊन ये," त्या म्हणाल्या.

"कुठे?"

"खिडकीपर्यंत."

मी मुकाट्यानं गेले आणि आले. त्या माझ्या पायांकडे बघत होत्या.

"वेणी तांबडी आणि डोकं काळं कसं गो? मेंदी काय फक्त शेपटाला लावतेस?"

नवरा छताचा पंखा बघायला लागला. त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, "आता ती काढ आणि पुन्हा जा."

बाकावर आणखी पाच-सहा जण बसले होते, एकेका डोळ्यावर पट्टी बांधून. त्या सगळ्यांच्या एकेका डोळ्यासमोर मी क्लिप काढली, पाच पिना काढल्या, रबर सोडवलं आणि वेणी नवऱ्याच्या हातात दिली. त्यानं ती नारळ धरावा तशी दोन्ही हातांनी धरली. एक आजी शेजारणीला म्हणाल्या, "अगं बाई, सुटली." मी केस झटकले आणि चालायला लागले. आधी कान लाल झाले होते. अर्ध्या वाटेत मात्र मला हसू फुटलं आणि मग आवरेना. औषधाच्या खिडकीतला माणूस म्हणाला, "मॅडम, अजून काही राहिलं का?" मी मान हलवली आणि वळले. येताना मी मुद्दाम ऐटीत आले. आता लपवायचं काय उरलं होतं.

सासूबाई बघत होत्या. ऑपरेशन झालेल्या डोळ्यातून पाणी येत होतं, पण ते डॉक्टरांनी आत घातलेल्या थेंबांचंही असेल.

"तीच," त्या म्हणाल्या, आणि चष्मा डोळ्यांवर ओढून घेतला.

घरी येईपर्यंत त्या बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. मला वाटलं, वेणी गेल्याचा राग. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या डोळ्यात थेंब घालत होते, तेव्हा त्या आढ्याकडे बघत म्हणाल्या, "केसांचं मला काही नाही. तुझे केस, तू काप. पण तीन महिने मी रोज तुला तुझ्याच गोष्टी सांगत होते आणि तू ऐकून घेत होतीस. मला वेडी ठरवलंत दोघांनी."

हे खरं होतं. "चुकलं आई," मी म्हटलं. "भीती वाटली सांगायची. आणि नंतर ऐकायला बरं वाटायला लागलं."

"काय बरं वाटायला लागलं?"

"तुम्ही म्हणायचात ते. तिला कुणी थांबवू शकणार नाही, ते."

मग त्यांचं पोट हलायला लागलं. थेंब गालावर ओघळला. "वॉचमन खरंच उठून उभा राहिला होता?" त्यांनी विचारलं.

"त्याच्या खुर्चीखाली मांजर शिरली होती. मी ते सांगत होते."

त्यावर त्या इतक्या हसल्या की मला भीती वाटली, डोळ्याला काही होईल.

डॉक्टरांनी दोन आठवडे डोक्यावरून पाणी घ्यायला बंदी केली होती. आठव्या दिवशी सासूबाईंचं डोकं इतकं खाजायला लागलं की त्या विणायच्या सुईनं अंबाडा खाजवू लागल्या. अंबाडा कसला, सुपारी होती, पण ती सोडून केस विंचरायला पाऊण तास लागायचा. दहाव्या दिवशी त्या म्हणाल्या, "तुझी ती पार्लरवाली म्हाताऱ्यांचे कापते का?"

नवऱ्यानं डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर म्हणाले, डोळ्यात केस जाऊ देऊ नका, बाकी काही हरकत नाही. आम्ही दोघी गेलो. पार्लरवालीनं काळा चष्मा लावलेल्या ऐंशीच्या बाईला खुर्चीत बसवलं आणि विचारलं, "आजी, कसे कापू?"

"हिच्यासारखे. पण हिच्यापेक्षा थोडे आखूड. मला विंचरायचेच नाहीत."

कापून झाल्यावर तिनं मागे आरसा धरला. सासूबाईंनी पहिल्यांदा स्वतःची मान पाहिली. गोरी, बारीक, एका लहान मुलीची असावी तशी. त्यांनी मानेवरून हात फिरवला. समोरच्या आरशात त्या खूप वेळ बघत राहिल्या आणि मला वाटलं, आता रडतात. "माझा भाऊ दिसतोय," त्या म्हणाल्या. "तो गेला तेव्हा असाच दिसायचा." पार्लरवालीनं मागचा आरसा खाली घेतला. मग सासूबाई स्वतःच म्हणाल्या, "देखणा होता हो."

पुढच्या आठवड्यात शहाडला एका हॉलमध्ये नवऱ्याच्या चुलत पुतण्याचं लग्न होतं. निघताना सासूबाईंचा धीर सुटला. पदर डोक्यावरून घेतला तो हॉलमध्येही सोडेनात. बाजूला त्यांच्या नात्यातल्या एक वयस्क बाई येऊन बसल्या, सासूबाईंपेक्षाही थोरल्या. गप्पा मारता मारता पदर घसरला. त्या बाई बघतच राहिल्या.

"हे काय केलंस?" त्यांनी विचारलं. "माझ्या आजीचे काढले होते, आजोबा गेल्यावर. न्हावी दारात आला की ती कोठीत जाऊन लपायची. आणि तू आपण होऊन काढलेस?"

मी सासूबाईंकडे बघितलं. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण असं काही कुणी म्हणेल हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. त्यांच्या मात्र आलं असावं, कारण त्यांनी उत्तर द्यायला क्षणही लावला नाही.

"तिला कुणी विचारलं नाही. मला खुर्चीत बसवून विचारलं, आजी, कसे कापू," त्या म्हणाल्या. "आणि मी सांगितलं तसे कापले."

त्या बाईंनी हळूच हात पुढे केला आणि सासूबाईंच्या मानेवरून, केसांच्या कडेवरून फिरवला. "मऊ लागतं," त्या म्हणाल्या.

पदर मग पुन्हा वर गेला नाही. जेवणाच्या आधी फोटोला बोलावलं तेव्हा सासूबाई उठल्या, साडीच्या निऱ्या सारख्या केल्या आणि खुर्च्यांच्या ओळीतून स्टेजकडे निघाल्या. नवरा त्यांचा हात धरायला पुढे झाला, पण मी त्याला थांबवलं. फोटोग्राफर वाटेत उभा होता. त्या जवळ आल्या तसा तो कॅमेरा सावरत बाजूला झाला.